वजनपावत्यांची तपासणी स्क्रीन आणि भरकटणारा कर्सर : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

दिवसभर कारखान्याच्या ऊस हिशेब विभागात बसलो. फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस प्रणालीतला प्रोग्राम अजून ठणठणीत चालतो, तक्रार कुणाचीच नाही. पण तो ज्या संगणकावर चालतो त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. दिवाळीनंतर नवा गळीत हंगाम सुरू होईल तेव्हा आपला प्रोग्राम लावायचा, असं ठरलंय. तोवर गेल्या हंगामाच्या पावत्या दोन्हीकडे तपासून बघायच्या.

तपासणी तात्या करतात. तीसेक वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांची पद्धत जवळून पाहिली. डाव्या हाताला वजनकाट्यावरून आलेल्या कागदी पावत्यांचा गठ्ठा, उजवा हात पेजडाऊनवर. पावती उलटायची, की दाबायची, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन बघायचं, लाल पेनाने टिक. वजन जुळलं नाही की आधी पेजअप दाबून मागची पावती बघतात. एकाच ट्रॅक्टरच्या दोन खेपा काट्यावर लागोपाठ आल्या की त्यांची वजनं एकमेकींच्या नावावर पडतात, हे त्यांना पाठ आहे.

मी म्हटलं, "तात्या, पन्नास पावत्या एकदम तक्त्यात दाखवू का?"

"तक्त्यात डोळा घसरतो. एका टायमाला एकच पावती द्या. पुढं, मागं, पहिली, शेवटची, आन् नंबर टाकला की त्या पावतीवर. एवढं झालं की बास."

एका पंधरवड्यात ८ हजारांच्या वर पावत्या. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे हंगामात या स्क्रीनसमोर कुणाला दम खायला वेळ नसतो. एक की उशिरा चालली तरी बोलणी खावी लागतील.

आणखी एक टिपून ठेवलं. पहिल्या पावतीवर असताना पेजअप दाबलं की जुना प्रोग्राम 'टुंग' असा आवाज करतो. तात्या मान वरही करत नाहीत, आवाजावरून ओळखतात.

३ जून, मंगळवार

डेटाबेस पोस्टग्रेस १६, स्क्रीन पायथनमध्ये, मधे दोघांना जोडणारी लायब्ररी सायकोपीजी२. फॉक्सप्रोतल्या रेकॉर्ड पॉइंटरचे (टेबलातल्या चालू ओळीवर ठेवलेलं बोट) आदेश आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या कर्सरचे (क्वेरीच्या निकालात चालू जागा धरून ओळी देणारा) आदेश शेजारी शेजारी लिहून काढले. गो टॉप म्हणजे फेच फर्स्ट. गो बॉटम म्हणजे फेच लास्ट. स्किप म्हणजे फेच नेक्स्ट, स्किप उणे १ म्हणजे फेच प्रायर. गो १२५ ला फेच ॲब्सोल्यूट १२५. शिवाय फेच रिलेटिव्ह उणे १० म्हणजे दहा पावत्या मागे, आणि रिलेटिव्ह ० म्हणजे आहे तीच पुन्हा. ओळ नको, नुसती जागा बदलायची असेल तर पोस्टग्रेसमध्ये वेगळा मूव्ह आदेश आहे, दिशा सगळ्या फेचसारख्याच.

इतकं चपखल बसलं की मला तिथेच शंका यायला हवी होती.

पहिला मसुदा असा: बिगिन, मग 'डिक्लेअर तपासणी कर्सर फॉर सिलेक्ट…', पावत्या आणि शेतकरी या दोन टेबलांचा जॉइन, क्रम गट, गाव, पावतीची वेळ. माझ्या लॅपटॉपवर दोन हजार पावत्यांवर पुढे-मागे सुरळीत चाललं.

५ जून, गुरुवार

सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच पेजअपला आपटलं. निरोप: कर्सर फक्त पुढेच जाऊ शकतो, मागे यायचं तर स्क्रोल लिहून जाहीर करा.

तोच कोड लॅपटॉपवर मागे जातो आणि सर्व्हरवर जात नाही, हे आधी पटेचना. मग दोन्हीकडे डिक्लेअरच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालवणार ती योजना दाखवणारा आदेश) लावून बघितलं. लॅपटॉपवर या क्रमाचा इंडेक्स (आधीच क्रमाने लावलेली सूची) नव्हता, म्हणून योजनेच्या डोक्यावर सॉर्ट होता. सॉर्ट झालेली चळत हाताशीच असते, ती उलटीही वाचता येते. सर्व्हरवर इंडेक्स होता. कर्सरसाठी योजना आखताना पोस्टग्रेस धरून चालतं की सगळ्या ओळी लागणार नाहीत, पहिल्या थोड्या झटकन द्याव्यात. त्याची सेटिंग कर्सर_टपल_फ्रॅक्शन, मूळ किंमत ०.१. म्हणून त्याने इंडेक्सवरून एकेक पावती उचलून शेतकरी शोधणारा नेस्टेड लूप निवडला, आणि तो उलटा चालवता येत नाही.

म्हणजे 'स्क्रोल' न लिहिताही मागे जाता येतं ते निव्वळ योजनेच्या मर्जीवर. आज चाललं म्हणून उद्या चालेल याची हमी नाही. स्क्रोल लिहिलं, पुन्हा एक्सप्लेन बघितलं, तर डोक्यावर मटेरियलाइज आलेला. आलेल्या ओळी तो साठवत जातो, म्हणून मागे वळता येतं. थोडी जागा खातो, खाऊ दे.

स्क्रोलला जोडूनच 'फॉर अपडेट' लावावं असा मोह झाला, म्हणजे दिसतेय ती पावती कुलूपबंद. पोस्टग्रेस सरळ नाही म्हणतं. स्क्रोल कर्सर फक्त वाचण्यापुरता.

९ जून, सोमवार

तात्यांना पहिल्यांदा दाखवलं. दोन मिनिटांत म्हणाले, "ही पहिली पावती दोनदा येतीय."

त्यांनी केलं ते असं. पहिल्या पावतीवर असताना सवयीने पेजअप दाबलं (आणि टुंग झालं नाही म्हणून माझ्याकडे बघितलं). मग पेजडाऊन. पुन्हा पहिलीच. परत पेजडाऊन, तेव्हा दुसरी आली.

परतीच्या एसटीत बसून वहीवर मांडलं. एसक्यूएल कर्सरमध्ये ओळी पाच असतील तर उभं राहायच्या जागा सात. पाच ओळींवरच्या पाच, एक पहिलीच्या आधी, एक शेवटचीच्या नंतर. कर्सर उघडतो तेव्हा तो पहिल्या ओळीवर नसतोच, उंबरठ्याबाहेर असतो. पहिलीवरून फेच प्रायर केलं की रिकाम्या हाताने पुन्हा उंबरठ्याबाहेर. माझी स्क्रीन नवी ओळ आली नाही म्हणून जुनीच दाखवत राहिली. पुढच्या फेच नेक्स्टला कर्सर घरात आला, पहिल्या ओळीवर.

फॉक्सप्रोचं वेगळं. तिथे शेवटी एक भुताची ओळ असते, ईओएफ (शेवट ओलांडल्याची खूण) खरं झालं की पॉइंटर त्या ओळीवर. सुरुवातीला मात्र तसं भूत नाही. पहिलीवरून स्किप उणे १ केलं तर बीओएफ (सुरुवात ओलांडल्याची खूण) खरं होतं, पण पॉइंटर पहिल्या ओळीवरच राहतो. म्हणून जुन्या प्रोग्राममध्ये पेजअप, पेजडाऊन केलं की थेट दुसरी पावती. एका टोकाला भूत आहे, दुसऱ्या टोकाला नाही. आमच्या आधीच्या कुणीतरी शेवटच्या टोकासाठी 'ईओएफ असेल तर गो बॉटम' अशी ओळ लिहिलेली सापडली. सुरुवातीच्या टोकासाठी काहीच नाही, कारण गरजच नव्हती.

उपाय दोन ओळींचा. फेच प्रायर रिकामं आलं तर लगेच मूव्ह नेक्स्ट. फेच नेक्स्ट रिकामं आलं तर मूव्ह प्रायर. रिकाम्या हाताने आला की एक पाऊल उलट टाकायचं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा, ऑफिस अर्धं रिकामं, म्हणून कोड नीटनेटका करायला घेतला. कालपर्यंत फेचचे आदेश मी स्वतः लिहून पाठवत होतो. आज सायकोपीजीचा नाव दिलेला कर्सर वापरायचं ठरवलं. त्याला स्क्रोल नावाचं फंक्शन आहे, आत मूव्हच पाठवतं. फेचवन दर वेळी एक पुढची ओळ आणतं, म्हणून मागची हवी असेल तर दोन पावलं मागे आणि एक पुढे. नाचल्यासारखं वाटतं, पण चालतं.

स्क्रीन उघडताना न तपासलेली पहिली पावती समोर यावी म्हणून फॉर लूप लावला. सापडली की ब्रेक. सातवी सापडली. पेजअप दाबलं. यायला हवी होती सहावी, आली एक हजार नऊशे नव्व्याण्णवावी.

चहा घेऊन आलो तेव्हा उलगडलं. फॉर लूप एकेक ओळ आणत नाही. नाव दिलेल्या कर्सरवर तो एका फेऱ्यात २००० ओळी आणून ठेवतो (इटरसाइझची मूळ किंमत) आणि मला त्यातली एकेक देतो. मी सातवीवर थांबलो, पण सर्व्हरवरचा कर्सर २००० वर जाऊन बसला होता. तिथून दोन मागे, एक पुढे: १९९९. हिशेब बरोबर, फक्त तो आणि मी वेगवेगळ्या ठिकाणी उभे.

दुसरं त्याहून वाईट. पावत्या ८४१२ असताना स्क्रोल करून ९००० व्या जागी जा म्हटलं, तर चूक झाल्याचा काहीही निरोप नाही. कर्सर गुपचूप शेवटचीच्या नंतर जाऊन उभा. मूव्ह आदेश हाताने पाठवला तर निदान 'मूव्ह ०' असं उत्तर येतं, म्हणजे त्या जागी ओळ नाही. सायकोपीजीच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

पुन्हा हाताने लिहिलेल्या फेचवर आलो. नीटनेटकेपणा गेला खड्ड्यात.

१२ जून, गुरुवार

आज खरी चूक झाली. तात्यांनी एका पावतीचं रिकामं वजन दुरुस्त केलं, जतन केलं, पुढे गेले, खात्री करायला मागे आले. जुनंच वजन. त्यांना वाटलं जतन झालं नाही. पुन्हा दुरुस्त केलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पुन्हा जुनंच. तिसऱ्यांदा केलं आणि मग फोन.

टेबलात दुरुस्ती पहिल्याच फटक्याला झाली होती. दुरुस्तीच्या इतिहासात एकाच पावतीच्या तीन नोंदी, तिन्ही तात्यांच्या नावावर. ऑडिटला हे कोण समजावणार?

पोस्टग्रेसचा कर्सर असंवेदनशील असतो. शिवी नाही ही, मानकातलाच शब्द आहे. कर्सर उघडताना जे चित्र होतं तेच तो शेवटपर्यंत दाखवतो, मग खाली टेबलात काहीही बदलो. फॉक्सप्रोचा पॉइंटर थेट टेबलातल्या ओळीवर उभा असतो, म्हणून बदल लगेच दिसतो. ३ तारखेच्या माझ्या कोष्टकात आदेशाला आदेश जुळले होते, पण आदेश ज्यावर चालतात ती वस्तूच वेगळी. एकीकडे टेबल, दुसरीकडे टेबलाचा फोटो.

उपाय: कर्सरमधून फक्त पावती क्रमांक आणायचा, बाकीची माहिती त्या क्रमांकावरून टेबलातून ताजी वाचायची. एका कीदाबेला दोन फेऱ्या, पण दोन्ही चुटकीसरशी. तात्यांना इतिहासातल्या तीन नोंदींचं कारण लेखी दिलं, माझ्या सहीने.

१३ जून, शुक्रवार

जेवणाची सुट्टी. तात्या पाऊण तासाने आले, की दाबली, स्क्रीन मेलेली.

साधा कर्सर ट्रान्झॅक्शनच्या (बिगिनपासून कमिटपर्यंतचं एकसंध काम) पोटात जगतो. म्हणजे तात्या भाकरी खात असताना आमचं ट्रान्झॅक्शन उघडं. उघडं ट्रान्झॅक्शन जुन्या ओळींना धरून ठेवतं, व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईला, त्या झाडता येत नाहीत. म्हणून नुसत्या उघड्या पडलेल्या ट्रान्झॅक्शनवर १० मिनिटांची मर्यादा सर्व्हरवर मीच लावलेली. सर्व्हरने बरोबर तेच केलं. मर्यादा वाढवणार नाही. माणूस विचार करतोय तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं हे मला मुळातच पटत नाही.

सोमवारपासून विथ होल्ड.

१७ जून, मंगळवार

'डिक्लेअर तपासणी स्क्रोल कर्सर विथ होल्ड फॉर…', आणि लगेच कमिट. आता कर्सर ट्रान्झॅक्शन संपल्यावरही जिवंत राहतो, जोडणी तुटेपर्यंत. किंमत कमिटच्या क्षणी मोजावी लागते. तेव्हा सगळी क्वेरी पूर्ण चालवून निकाल बाजूला साठवला जातो, मेमरीत मावला तर मेमरीत, नाहीतर तात्पुरत्या फाइलमध्ये. पंधरवड्याच्या ८४१२ पावत्यांना काही कळलं नाही. पूर्ण हंगाम उघडला तर स्क्रीन यायला जाणवण्याइतका वेळ लागतो.

फेच ॲब्सोल्यूटबद्दलही एक गैरसमज गेला. मला वाटायचं ॲब्सोल्यूट ५००० म्हणजे थेट पाच हजारावर उडी. तसं नाही. मधल्या ओळी पार करतच जातो. पोस्टग्रेसमध्ये कर्सर चालवणाऱ्या भागाचा, पोर्टलचा, कोड उघडून बघितला: हवी असलेली जागा सुरुवातीच्या जवळ असेल तर गुंडाळून सुरुवातीला येतो आणि पुढे चालत जातो, नाहीतर आहे तिथूनच पुढे किंवा मागे चालतो. ॲब्सोल्यूट उणे १, म्हणजे शेवटची, त्यासाठी आधी शेवटपर्यंत जायलाच लागतं. स्वस्त एकच, ॲब्सोल्यूट ०, सुरुवातीला गुंडाळणं.

तात्यांना हवं ते 'नंबर टाकला की त्या पावतीवर' मात्र यातून होत नाही. कर्सरला कितवी ते कळतं, कोणती ते कळत नाही. फॉक्सप्रोला सीक (नंबरावरून ओळ शोधणारा आदेश) होतं. तूर्त प्रत्येक पावतीचा अनुक्रम रो_नंबर या ओळींना क्रमांक देणाऱ्या फंक्शनने काढून वेगळा वाचतोय आणि मग ॲब्सोल्यूट. ठिगळ आहे, माहीत आहे.

१९ जून, गुरुवार

लिहायलाही नको वाटतंय.

आज दोन जणांनी एकदम तपासणी उघडली. तात्यांना पहिला पंधरवडा, शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कना दुसरा. अकराच्या सुमारास तात्या म्हणाले, "ही माझी पावती न्हवं." त्यांच्या स्क्रीनवर दुसऱ्या पंधरवड्याची पावती.

आधी आपलाच कोड उलटापालटा केला. नंतर कळलं. स्क्रीन आणि पोस्टग्रेस यांच्यामध्ये पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांना वाटून देणारा मध्यस्थ) आहे, ट्रान्झॅक्शन पद्धतीवर. वेबवरचे बाकीचे मॉड्यूल त्यातूनच जातात म्हणून मीही त्याच दारातून गेलो. या पद्धतीत एक ट्रान्झॅक्शन संपलं की मागची खरी जोडणी दुसऱ्याला दिली जाते. आमचा विथ होल्ड कर्सर त्या खऱ्या जोडणीवर राहतो. तात्यांनी पुढची की दाबली तेव्हा त्यांना भलतीच जोडणी मिळाली. तिथे 'तपासणी' नावाचा कर्सर होता, पण तो शेजारच्यांचा. मी दोघांच्याही कर्सरना एकच नाव दिलेलं.

नशिबाने वेगळी नावं असती तर 'असा कर्सर नाही' असं म्हणून ३४००० हा कोड आला असता आणि सकाळीच उजेड पडला असता. एकाच नावामुळे चूक झाल्याचा निरोप न येता चुकीची पावती आली. चुकीची पावती दिसणं हे स्क्रीन बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट. तात्यांच्या हातात कागद होता म्हणून पकडलं. कागद नसता तर?

त्यात भर म्हणजे, ट्रान्झॅक्शन पद्धतीत पीजीबाउन्सर जोडणी परत घेताना ती साफ करत नाही, साफसफाईचा आदेश मुळात सेशन पद्धतीसाठी (जोडणी शेवटपर्यंत एकाकडेच) आहे. एका खऱ्या जोडणीवर पीजी_कर्सर्स बघितलं (ते फक्त आपल्या सेशनचे कर्सर दाखवतं), तर परवाचा एक कर्सर अजून तिथेच मुक्कामाला.

ट्रान्झॅक्शन पद्धतीत विथ होल्ड चालणार नाही, हे पीजीबाउन्सरच्या वैशिष्ट्यांच्या तक्त्यात एका ओळीत लिहिलेलं आहे. दहा दिवसांत दुसऱ्यांदा हेच.

दोघांच्या आजच्या टिकखुणा रद्द केल्या. उद्या दोघांना पहिल्यापासून तपासावं लागेल. तात्या काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

२० जून, शुक्रवार

सहकारी मॅडमशी तासभर बोललो. त्या आधी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम करायच्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "१२ तारखेनंतर तुझ्या कर्सरमध्ये उरलंय काय?"

"पावती क्रमांक."

"म्हणजे क्रमाने लावलेल्या क्रमांकांची यादी, आणि बोट कितव्यावर आहे ते. ती यादी तू स्वतः टेबलात ठेव की. बोट स्क्रीनकडे ठेव. कर्सर हवाय कशाला?"

त्यांनी सांगितलं की एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच कल्पनेचा कीसेट कर्सर तयार मिळतो. उघडताना सगळ्या ओळींच्या किल्ल्या (ओळ ओळखायच्या खुणा) टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवतो, ओळ मात्र दर वेळी टेबलातून ताजी आणतो. मधेच कुणी ओळ काढून टाकली असेल तर फेच_स्टेटस उणे २ येतं, म्हणजे किल्ली आहे पण खोली गेली. पोस्टग्रेसमध्ये तसा प्रकार नाही, हाताने बांधावा लागेल. त्यांच्याकडे डायनॅमिक नावाचाही एक प्रकार आहे, त्याला सगळे बदल दिसतात, पण ॲब्सोल्यूट चालत नाही. चालणार कसं? खालच्या ओळीच सरकत असतील तर पाच हजारावी कोणती हे कोण सांगणार. मायएसक्यूएल या डेटाबेसचं त्याहून सोपं, तिथला कर्सर फक्त पुढे जातो आणि तोही स्टोअर्ड प्रोग्रामच्या (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) आतच. मागे वळायचा प्रश्नच नाही.

पंधरा दिवस मी कर्सरला फॉक्सप्रोसारखं वागायला लावत होतो, हे त्यांच्या एका प्रश्नात निघालं.

२४ जून, मंगळवार

काल आणि आज मिळून नवं बांधलं. टेबल 'तपासणी_यादी', रकाने तीन: सत्र, अनुक्रम, पावती क्रमांक. तपासणी उघडली की एकाच इन्सर्टमध्ये रो_नंबर लावून ८४१२ ओळी भरायच्या आणि कमिट. बोट कुठे आहे ते 'तपासणी_सत्र' या टेबलात.

पुढे म्हणजे अनुक्रम अधिक १. मागे म्हणजे उणे १. शेवटची म्हणजे सत्राच्या ओळीत लिहून ठेवलेली एकूण संख्या. पाच हजारावी म्हणजे इंडेक्सवरून थेट पाच हजारावी, मधल्या ओळी न तुडवता. पावती क्रमांक टाकला की त्याच यादीत उलट बाजूने शोध, त्यासाठी दुसरा इंडेक्स. ठिगळ गेलं. अनुक्रम १ च्या मागे काही नाही, ८४१२ च्या पुढे काही नाही, त्यामुळे उंबरठ्याबाहेरच्या दोन जागांची भानगडही संपली.

प्रत्येक की म्हणजे आपलं छोटं ट्रान्झॅक्शन. मागे कोणती जोडणी मिळते याच्याशी देणंघेणं नाही, पीजीबाउन्सर खुशाल मधे राहू दे. तात्या जेवायला गेले काय, वीज गेली काय, दुसऱ्या दिवशी त्याच पावतीवर उघडतं. हे कुठल्याच कर्सरने दिलं नसतं, जोडणी तुटली की तो संपलाच.

मधल्या काळात पावती रद्द झाली असेल तर यादीत तिचा क्रमांक राहतो आणि स्क्रीनवर लाल पट्टीत 'पावती रद्द' येतं. ती गाळून पुढे सरकायची नाही असं मुद्दाम ठरवलं, कारण गठ्ठ्यात कागद आहेच. कागद आहे आणि स्क्रीनवर नाही, असं झालं की पुढचं सगळं एकाने सरकतं. उलट बाजूने, यादी केल्यावर नव्याने आलेली पावती यादीत येत नाही. तिच्यासाठी वर छोटा आकडा दाखवतो: नंतर आलेल्या ३.

३० जून, सोमवार

दोन किरकोळ गोष्टी, दोन्ही क्रमाच्या.

एक, वेळ मिनिटापर्यंतच नोंदलेली असल्याने दोन काट्यांवरच्या पावत्यांची वेळ सारखी पडते. सारख्या वेळेच्या ओळी कुठल्या क्रमाने येतील याची खात्री नाही, आज एक क्रम, उद्या दुसरा. ऑर्डर बायच्या शेवटी पावती क्रमांक जोडला.

दोन, गावं. तात्यांच्या गठ्ठ्यात माळवाडी मासाळवाडीनंतर येते, माझ्या यादीत आधी. डेटाबेस 'सी' कोलेशनवर (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) बनवलेला, म्हणजे क्रम युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे. त्यात ळ हा ल च्या शेजारी, व च्याही आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. गावाच्या रकान्याला आयसीयू या लायब्ररीतलं मराठीचं कोलेशन लावलं, माळवाडी जागेवर गेली. शाळेत 'श ष स ह ळ' घोकून घेतलं ते इथे कामाला आलं म्हणायचं.

४ जुलै, शुक्रवार

दोन्ही टेबलांवर दिवसभर चालवलं. तात्यांचा पंधरवडा निम्म्याच्या पुढे गेला. जाणूनबुजून त्रास दिला: मधेच केबल काढली, एक पावती दुसऱ्या संगणकावरून रद्द केली, दोघांनी एकच पंधरवडा उघडला. सगळ्यातून निभावलं. दुरुस्ती करून पुढे-मागे केल्यावर नवं वजन दिसतं, हे तात्यांनी चार वेळा करून बघितलं. करू दे. हक्क आहे त्यांचा.

७ जुलै, सोमवार

काल एकादशी झाली, आज रात्रीचं बिलाचं काम घेतलं. तिथे कर्सर ठेवला आहे, आणि तिथे तो शोभतो. सगळ्या पावत्या एकदाच, एकाच दिशेने, माणूस मधे नाही. 'नो स्क्रोल' असं स्पष्ट लिहिलं, फेच फॉरवर्ड ५०० करत जायचं.

प्रश्न फक्त मधेच थांबलं तर पुढे कसं चालू करायचं याचा. आधीच्या मसुद्यात 'झालेल्या ओळी मोज, तितकं मूव्ह फॉरवर्ड कर' असं होतं. काढून टाकलं. दरम्यान एखादी पावती रद्द झाली तर ३५०० ओळी पुढे म्हणजे तीच जागा राहत नाही, एक शेतकरी वगळला जाईल आणि ते बिल वाटल्यावर कळेल. आता शेवटच्या झालेल्या पावतीची किल्ली जतन करतो आणि क्वेरीच 'या किल्लीच्या पुढच्या' अशी उघडतो.

९ जुलै, बुधवार

तात्यांकडून लेखी मान्यता आली. खाली पेनाने एक ओळ: "सुरवातीला व शेवटाला आवाज नाही."

टुंग बसवला. दोन्ही टोकांना. शेजारच्या टेबलावरून तक्रार आली आहे की आवाज फार मोठा आहे, तात्या म्हणतात राहू दे.